न आलेल्या मुलांची मोजदाद

मलावीचे अध्यक्ष बाकिली मुलुझी यांनी 27 फेब्रुवारी 2002 रोजी देशात आपत्ती जाहीर केली. तोवर खेड्यापाड्यांत भुकेने माणसं दगावू लागली होती. आदल्या वर्षी पुराने मक्याचं पीक मारलं होतं. सरकारने अडीअडचणीसाठी राखलेला मक्याचा साठाही विकून टाकला होता, आणि बाजारातला मका गरिबाच्या आवाक्यात राहिला नव्हता. मलावीत मका म्हणजेच जेवण. मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा खाल्ला नाही, तर तिथला माणूस जेवलो म्हणत नाही. त्यातच एचआयव्हीने कर्ती माणसं ओढून नेली होती आणि नातवंडांना सांभाळणाऱ्या आज्या मागे उरल्या होत्या.

दवाखान्यांतले कुपोषण कक्ष भरून गेले. सरकार आणि मदतसंस्थांनी ठरवलं, की देशातल्या पोषण पुनर्वसन केंद्रांची सुधारणा करायची, उपचारासाठी दुधाची नवी सूत्रं आणायची आणि परिचारिकांना शिकवायचं. मध्य मलावीतल्या डोवा जिल्ह्यात मात्र वेगळी वाट धरायचं ठरलं. तिथे ‘कन्सर्न’ ही आयरिश संस्था आणि ‘व्हॅलिड इंटरनॅशनल’ हा डॉक्टर-संशोधकांचा गट यांनी आरोग्य खात्याच्या साथीने तीव्र कुपोषित मुलांना शक्यतो भरती न करता घरी ठेवूनच बरं करायचा कार्यक्रम सुरू केला. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची ही मुलं होती. त्यातली काही हाडांचे सापळे झालेली, तर काही अंगावर सूज येऊन फसवी गुबगुबीत दिसणारी.

हा प्रयोग महत्त्वाचा होताच. पण तो यशस्वी झाला की नाही हे ज्या पद्धतीने तपासलं गेलं, ती पद्धत मला प्रयोगाहून मोठी वाटते. डोव्यानंतर कुपोषणाच्या कार्यक्रमांना एक नवा प्रश्न विचारणं भाग पडलं. किती मुलं बरी झाली, याच्याही आधी विचारायचा प्रश्न: जी आजारी होती, त्यांतली किती तुमच्यापर्यंत पोचली?

या प्रश्नामागे अर्ध्या शतकाचं अपयश आहे. लंडनच्या क्लेअर स्कोफील्ड आणि ॲन ॲशवर्थ यांनी 1996 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. 1950 च्या दशकापासून जगभरच्या दवाखान्यांनी तीव्र कुपोषित मुलांच्या मृत्यूंचे जे आकडे छापले होते, ते त्यांनी एकत्र मांडले. भरती झालेल्या शंभर मुलांतली साधारण वीस ते तीस मुलं दवाखान्यातच मरत होती. अंगावर सूज असलेल्या मुलांत तर हे प्रमाण पन्नास-साठपर्यंत जाई. पाच दशकांत औषधं बदलली, पण हा आकडा जागचा हलला नव्हता.

उपचाराचं ज्ञान नव्हतं, असंही नाही. जमैकात किंग्स्टनला जॉन वॉटरलो यांनी उभ्या केलेल्या संशोधन केंद्रात या मुलांच्या शरीरात काय बिघडतं याचा बारकाईने अभ्यास झाला होता. उपाशी मुलाचं हृदय, मूत्रपिंड, यकृत सगळंच मंदावलेलं असतं. कीव येऊन त्याला पहिल्याच दिवशी भरपूर खायला घातलं, मीठ दिलं किंवा सरसकट सलाइन लावलं, तर ते मूल हृदय थकून मरतं. मायकेल गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे दोन प्रकारची दुधं ठरली. पहिले काही दिवस एफ-75, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी. मूल सावरलं, भूक लागू लागली, की एफ-100. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये याची पुस्तिकाच काढली. ती पाळली गेली तिथे मृत्यू खरोखर घटले.

अडचण त्या दुधातच होती. ते स्वच्छ पाण्यात कालवावं लागतं आणि लगेच पाजावं लागतं, नाहीतर त्यात जंतू वाढतात. म्हणून ते घरी देता येत नाही. दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी पाजायचं, म्हणजे मूल केंद्रातच हवं आणि आईही तिथेच हवी. तीन-चार आठवडे. शेतात पेरणीची वेळ, घरी आणखी तीन पोरं, नवरा मजुरीला बाहेरगावी, आणि ही बाई एका मुलाला घेऊन परक्या गावातल्या तंबूत. दुष्काळात अशा केंद्रांत शेकडो अशक्त मुलं शेजारी शेजारी झोपतात. गोवर, हगवण, न्यूमोनिया एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. कित्येक बाया मूल अर्धवट सुधारलं की निघून जात. त्याहून कितीतरी जास्त बाया मुळात येतच नसत. केंद्राच्या नोंदवहीत या दुसऱ्या बायांसाठी रकानाच नव्हता.

घरी उपचार होऊ शकतात याचा एक सबळ पुरावा 1994 मध्येच ढाक्यातून आला होता. तिथल्या बालपोषण केंद्रात खानम, ॲशवर्थ आणि हटली यांनी चारशेहून अधिक मुलांची तीन गटांत विभागणी केली. एक गट भरती झाला. दुसरा रोज दिवसभर केंद्रात येऊन संध्याकाळी घरी जाई. तिसऱ्याला आठवडाभर केंद्रात सावरून घरी पाठवलं आणि कार्यकर्त्या घरी भेटी देत राहिल्या. ठरलेल्या वजनापर्यंत पोचायला भरती झालेल्या मुलांना सरासरी 18 दिवस लागले, दिवसा येणाऱ्यांना 23 आणि घरच्यांना 35. घरचा उपचार सावकाश चालला, पण मृत्यू वाढले नाहीत आणि केंद्राचा खर्च सगळ्यात कमी आला. घरच्या गटातल्या आईबापांच्या पदराला सर्वांत जास्त खार लागला होता, कारण खाणं त्यांनाच आणावं लागलं होतं. तरीही पालकांची पसंती घरच्या उपचारालाच होती. या शेवटच्या निष्कर्षाकडे तेव्हा फारसं लक्ष गेलं नाही याचं मला वाईट वाटतं. उपचार घेणाऱ्याला काय परवडतं, काय झेपतं, हे त्यात उघड दिसत होतं.

दुधाचा गुंता सुटला तो फ्रान्समध्ये. पोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां आणि नॉर्मंडीतल्या न्यूट्रिसेट कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी 1996 च्या सुमारास एफ-100 मधल्या दुधाच्या भुकटीचा काही भाग काढून तिथे शेंगदाण्याची पेस्ट घातली. शेंगदाणा, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार. 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 कॅलरी. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही. पाण्याचा अंश जवळजवळ नसल्याने त्यात जंतू वाढत नाहीत. मूल स्वतःच पाकीट पिळून चोखतं. ‘प्लम्पी-नट’ या नावाने ते बाजारात आलं. मलावीत मार्क मॅनरी या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने 2001 मध्ये ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ दवाखान्यातून सावरलेली मुलं अशी पेस्ट देऊन लवकर घरी पाठवायला सुरुवात केली. शेंगदाणा मलावीत पिकतोच. थोड्याच काळात ही पेस्ट तिथेच तयार होऊ लागली आणि बाया तिला ‘चिपोंडे’ म्हणू लागल्या.

भरती टाळूनच उपचार सुरू करायचे, हे धाडस मात्र इथिओपियात झालं. ‘व्हॅलिड’चे संस्थापक डॉ. स्टीव्ह कॉलिन्स यांनी नव्वदच्या दशकात सोमालियाचा दुष्काळ जवळून पाहिला होता. मोठमोठी केंद्रं उभारायला आठवडे जातात, सगळी माणसं आणि पैसा त्यातच अडकतो आणि बाहेरची बहुसंख्य मुलं तशीच राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. 2001 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ते रोखठोक मांडलं. त्याआधीच, 2000 च्या दुष्काळात, दक्षिण इथिओपियातल्या हाडिया भागात ‘ऑक्सफॅम’च्या कार्यक्रमात 170 तीव्र कुपोषित मुलांना थेट बाह्यरुग्ण म्हणून घेतलं गेलं. शिधा म्हणून पेस्ट आणि पौष्टिक पीठ, सोबत औषधं. कॉलिन्स आणि केट सॅडलर यांनी 2002 मध्ये याचा हिशेब छापला: 85 टक्के मुलं बरी झाली, 4 टक्के दगावली, 5 टक्क्यांनी मध्येच सोडलं आणि उरलेली दुसरीकडे पाठवावी लागली.

टीका झाली आणि ती रास्त होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मुलांची संख्या थोडी होती. वजन दिवसाला किलोमागे सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास वाढलं होतं. आपत्तीतल्या मदतीचे ‘स्फिअर’ निकष केंद्रांकडून आठ ग्रॅम मागत. हाच निकष लावला असता तर हाडियाचा कार्यक्रम नापास झाला असता. पण घरी, आईजवळ, भावंडांसोबत सावकाश वाढणाऱ्या मुलाला रोज आठ ग्रॅमची घाई का असावी? केंद्रात घाई होती, कारण खाट अडत होती आणि आई अडकली होती. निकष कोणाच्या गरजेतून आला आहे हे विसरलं, की मोजमाप आंधळं होतं.

आता डोव्यात येऊ. तिथलं काम आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात चाले. बाया सकाळी पायी येत. आधी मुलाच्या डाव्या दंडाला पट्टी लावून घेर बघायचा. मग दोन्ही पावलांवर अंगठे तीन सेकंद दाबून धरायचे आणि उचलायचे. खळगा पडून तसाच राहिला तर ती सूज कुपोषणाची. मग वजन, ताप, श्वास. त्यानंतरची परीक्षा मुलाची: थोडी पेस्ट त्याच्या हातात द्यायची आणि बघत राहायचं. आवडीने खाल्ली, पाणी प्यायलं, तर मूल घरी जाण्याइतकं ठीक. तोंड फिरवलं, निपचित पडून राहिलं किंवा दुसरा गंभीर आजार असला, तर काही दिवसांसाठी दवाखान्यात. घरी जाणाऱ्या मुलाला प्रतिजैविक, जीवनसत्त्व अ, जंताचं औषध आणि आठवडाभराची पेस्ट. आईला मोजक्याच सूचना: हे औषध आहे, घरात वाटू नका, आधी हे, मग घरचं जेवण, सोबत पाणी द्या, हात धुवा. पुढच्या आठवड्याला पुन्हा या. आली नाही, तर गावातला स्वयंसेवक घरी जाई.

आणि मग मोजायची वेळ आली. नोंदवहीतून तीन आकडे निघतात: किती बरे, किती मृत, किती मध्येच सोडून गेले. स्फिअरच्या निकषांप्रमाणे 75 टक्क्यांहून जास्त बरे, 10 टक्क्यांहून कमी मृत आणि 15 टक्क्यांहून कमी गळती असेल तर कार्यक्रम चांगला. हे तिन्ही आकडे दाराच्या आत आलेल्या मुलांचे. दाराबाहेर किती राहिली हे कळायला गावोगाव जावं लागतं.

तेव्हाची रूढ पद्धत लसीकरणाच्या पाहणीतून उचललेली होती. जिल्ह्यातल्या 30 वस्त्या निवडायच्या, प्रत्येक वस्तीत 30 मुलं मोजायची, एकूण 900. लसीसाठी हे ठीक, कारण लस प्रत्येक मुलाला हवी. पण तीव्र कुपोषण शंभरात दोन मुलांना असेल, तर 900 मधून सापडणार फक्त 18. अठरा मुलांवरून जिल्ह्याचा निवाडा करायचा, म्हणजे अंदाजाने बोलण्यासारखंच. शिवाय सरासरी निघाली तरी दूरच्या कोपऱ्यातली गावं पूर्ण सुटली आहेत का, हे कळत नाही.

मार्क मायट या साथरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर यावर तोड काढली. जिल्ह्याच्या नकाशावर सारख्या आकाराचे चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्याजवळची गावं घ्यायची. त्यामुळे जिल्ह्याचा एकही कोपरा सुटत नाही. गावात घरामागून घर मोजत बसायचं नाही. गावातल्या जाणत्या माणसांना, सुईणींना, आयांना विचारायचं: कोणाचं मूल वाळलंय? कोणाच्या पायाला सूज आहे? शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट कोणाकडे येतं? एक आई दुसरीचं घर दाखवते, दुसरी तिसरीचं. नवं नाव निघेनासं होईपर्यंत शोध सुरू. सापडलेल्या प्रत्येक मुलाचा दंड मोजायचा आणि कार्ड आहे का बघायचं. कार्ड नसेल तर आईला विचारायचं: मूल आजारी आहे असं तुम्हाला वाटतं का? अशा मुलांसाठी काही सोय आहे हे माहीत आहे का? मग गेला का नाहीत? मलावीत प्रत्यक्ष वापरून पाहिलेली ही रीत 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली. प्रत्येक चौकोनाचं प्रमाण वेगळं निघत असल्याने कार्यक्रम कुठे पोचला नाही हे नकाशावरच दिसत होतं.

या पद्धतीने डोवा आणि भरतीची केंद्रं चालवणारा शेजारचा एक जिल्हा यांची तुलना झाली. सॅडलर, मायट आणि सहकाऱ्यांनी ती 2007 मध्ये प्रसिद्ध केली. शेजारच्या जिल्ह्यात तीव्र कुपोषित मुलांपैकी सुमारे 25 टक्के केंद्रांपर्यंत पोचली होती. डोव्यात सुमारे 74 टक्के.

या दोन आकड्यांचा अर्थ कागदावर मांडून पाहावा. समजा, दोन्हीकडे उपचार सारखेच चांगले आहेत आणि आलेल्या शंभरातली ऐंशी मुलं बरी होतात. भरतीच्या जिल्ह्यात दर शंभर आजारी मुलांमागे पंचवीस आली, त्यातली वीस बरी झाली. डोव्यात चौऱ्याहत्तर आली, एकोणसाठ बरी झाली. नोंदवहीतला बरं होण्याचा आकडा दोन्हीकडे 80 टक्केच. एखाद्या अधिकाऱ्यासमोर दोन अहवाल ठेवले तर त्याला फरक दिसणारच नाही, आणि तरी दर शंभर मुलांमागे जवळजवळ चाळीस मुलांचा फरक आहे. आलेल्यांवरच कार्यक्रम तपासायचा, म्हणजे वर्गात बसलेली पोरं मोजून गावातली शाळाबाह्य पोरं संपली असं म्हणण्यासारखं आहे.

पुरावा साचत गेला. मॅनरींच्या गटाने 2005 मध्ये मलावीतल्या 1,178 मुलांचा अभ्यास दिला: घरी पेस्ट मिळालेल्यांत 79 टक्के बरी, जुन्या पद्धतीच्या उपचारात 46 टक्के. मलावी, इथिओपिया आणि सुदानमधल्या 21 कार्यक्रमांतली 23,511 मुलं कॉलिन्स व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एकत्र मांडली: 79.4 टक्के बरी, 4.1 टक्के मृत, 11 टक्के गळती. यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांना एकदाही भरती करावं लागलं नव्हतं. 2005 मध्ये नायजरच्या संकटात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने साठ हजारांहून अधिक मुलांवर बहुतांशी याच रीतीने उपचार केले. अखेर 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी संयुक्त निवेदन काढून लोकवस्तीतल्या उपचाराला मान्यता दिली. त्याआधी, 2004 च्या स्फिअर पुस्तिकेत, व्याप्तीचा, म्हणजे गरजू मुलांपैकी किती पोचली याचा, निकषही आला होता: खेड्यांत 50 टक्के, शहरांत 70, छावण्यांत 90. न आलेल्या मुलांना मोजण्याची सक्ती पहिल्यांदा कागदावर आली.

कागदावर आली खरी. 2012-13 मध्ये 21 देशांतल्या 44 कार्यक्रमांची व्याप्ती तपासली गेली, तेव्हा सरासरी 38.3 टक्के निघाली. डोव्यात संस्था पाय रोवून होती, पेस्ट कधी संपत नव्हती, मूल आलं नाही तर दार ठोठावायला माणूस होता. तोच कार्यक्रम सरकारी आरोग्य केंद्राच्या दहा कामांतलं एक काम झाला, तेव्हा पाकिटं संपू लागली, नर्स लसीकरणाला गेलेली असे आणि आठ कोस चालून आलेली आई तशीच परत जाई. दोष त्या नर्सचा नव्हता. माणसं न वाढवता काम वाढवलं की असंच होतं.

आया का येत नाहीत, याची कारणं या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा समोर आली: माहीत नाही, लांब आहे, घरचं काम सोडता येत नाही. पण एका कारणाने जाणकारांनाही दचकवलं. कित्येक आया एकदा जाऊन आलेल्या होत्या आणि त्यांना परत पाठवलं गेलं होतं. गावातला कार्यकर्ता दंडाची पट्टी लावून ‘जा’ म्हणून सांगे. केंद्रावर मात्र उंचीच्या मानाने वजन काढत. दोन्ही मोजमापं नेहमी एकच मूल निवडत नाहीत. पट्टीने निवडलेलं मूल वजनाच्या तक्त्यात बसत नसे. चिठ्ठी घेऊन दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आईला ‘तुमचं मूल पुरेसं आजारी नाही’ असं ऐकून घ्यावं लागे. ती पुन्हा येत नसे, आणि पाणवठ्यावर चार जणींना सांगत असे. तिच्यापायी त्या चौघीही येत नसत. त्यानंतर दंडाच्या पट्टीवरच दाखल करण्याची रीत रुळत गेली. आज 115 मिलिमीटरपेक्षा कमी घेर ही सीमा आहे. पुढे नायजरमध्ये ती पट्टी थेट आयांच्या हातात दिली गेली आणि त्यांची मोजणी आरोग्य कार्यकर्त्यांइतकीच भरवशाची निघाली.

हे सगळं आपल्याला परकं नाही. सत्तरच्या दशकात डहाणू तालुक्यातल्या कासा इथे डॉ. पी. एम. शहा यांनी गावातल्याच बायांना अर्धवेळ कामावर घेऊन मुलांची वजनं करायला आणि कुपोषित मूल घरच्या घरी सावरायला शिकवलं होतं. डोव्याच्या पाव शतक आधी. पेस्टचा वाद भारतात वेगळ्या कारणांनी पेटला. युनिसेफने आणलेली पाकिटं केंद्र सरकारने 2009 मध्ये परत न्यायला सांगितली. परदेशी कंपनीचं पाकीट घरच्या जेवणाची जागा घेईल ही भीती अनाठायी नव्हती. पुढे दिल्ली, राजस्थान आणि तामिळनाडूतल्या 906 मुलांवर शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा आठवड्यांत स्थानिक पातळीवर बनवलेल्या पेस्टने सुमारे 57 टक्के मुलं बरी झाली, कंपनीकडून विकत घेतलेल्या पेस्टने 48, घरी शिजवलेल्या वाढीव पौष्टिक अन्नाने 43. पेस्ट सरस ठरली, पण मलावीइतकी नाही. पाकीट हवं की नको, यावर इतकी वर्षं भांडताना व्याप्तीचा प्रश्न आपल्या चर्चेत फारसा आलाच नाही.

महाराष्ट्राने 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. अंगणवाडीतच महिनाभर तीव्र कुपोषित मुलाला दिवसातून अनेकदा खाऊ घालणारी ग्राम बालविकास केंद्रं याच काळात रुजली. ती कल्पना मोलाची आहे. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर अंगणवाडी सेविका नसती, तर या मुलांकडे पाहणारं कोणी नसतं. पण तिच्याकडून वर काय मागितलं जातं? केंद्रात किती मुलं दाखल, किती ‘सॅम’मधून (तीव्र कुपोषित) ‘मॅम’मध्ये (मध्यम कुपोषित) गेली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेलं मूल त्या तक्त्यात कुठे असतं? मूळ गावच्या अंगणवाडीत ते गैरहजर, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याचं नावच नाही. नेमकी ज्या मुलांना सर्वांत जास्त गरज, तीच दोन्ही याद्यांतून निसटतात. सॅम मुलं जास्त सापडली की वरून खडसावलं जातं अशी धास्ती असेल, तर सेविका तरी पट्टी सैल का धरणार नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांत तीव्र लुकडेपणाचं प्रमाण 2015-16 मध्ये 9.4 टक्के होतं आणि 2019-20 मध्ये 10.9 टक्के. साधारण दर नऊ मुलांमागे एक. अंगणवाड्यांच्या मासिक अहवालांतलं प्रमाण याच्या खूप खाली असतं. मोजण्याच्या पद्धतीतल्या फरकाने यातलं थोडं अंतर समजतं, सगळं नाही.

आदिवासी तालुक्यांत वर्षातून एकदा, स्थलांतराचा हंगाम धरून, बाहेरच्या माणसांकडून व्याप्तीची पाहणी करून घेणं सरकारला अवघड नाही. त्यासाठी मोजकी शिकवलेली माणसं, दंडाच्या पट्ट्या, एक नकाशा आणि काही आठवडे लागतात. तो आकडा ग्रामसभेत वाचला जावा आणि कमी निघाला म्हणून सेविकेला नोटीस मिळू नये. तुमच्या गावच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी कुपोषणाचा विषय निघाला, तर किती मुलं बरी झाली हे विचाराच, पण त्याआधी विचारा: आपल्या गावातली अशी किती मुलं आहेत, आणि त्यातली किती अंगणवाडीच्या यादीत आहेत?